दाव्याची वाट आणि कोर्टाची वाट
(पेठ तालुक्यातील वनहक्क शिबिरात केलेले भाषण)



प्लॉटचा दावा नामंजूर झाला की आपल्यात कोणीतरी म्हणतंच, "चला, कोर्टात जाऊ." पण कोणत्या कोर्टात?

अमेरिकेत राज्याची कोर्टं वेगळी, केंद्राची वेगळी. दोन शिड्या. आपल्याकडं शिडी एकच. खाली तालुक्याचं कोर्ट, वर नाशिकचं जिल्हा व सत्र न्यायालय, त्यावर मुंबईचं हायकोर्ट, शेवटी दिल्लीचं सुप्रीम कोर्ट. कायदा राज्याचा असो की केंद्राचा, चालतो याच शिडीवर. जंगलखात्यानं १९२७ च्या वन कायद्याखाली केस टाकली, तर तारीख खालच्या कोर्टात पडते.

पण २००६ च्या वनहक्क कायद्याचा दावा कोर्टात सुरू होत नाही. तो सुरू होतो आपल्या ग्रामसभेत. मग प्रांताची उपविभागीय समिती, मग कलेक्टरची जिल्हा समिती. खालचा निर्णय पटला नाही तर वरच्या समितीकडं ६० दिवसांत अर्ज करायचा. अनुसूचित क्षेत्रासाठी २०२० पासून जिल्हा समितीच्या वर विभागीय समितीही आहे. तिथंही न्याय मिळाला नाही तर हायकोर्ट.

मधली पायरी सोडली तर काय होतं? १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं नामंजूर दावेदारांना जमिनीवरून काढायला सांगितलं. देशभर आदिवासी उठले. २८ फेब्रुवारीला त्याच कोर्टानं हुकूम थांबवला आणि राज्यांना विचारलं, दावे कोणत्या पद्धतीनं फेटाळले ते सांगा. म्हणजे आपल्या पाड्यावरच्या एका कागदाचा हिशोब दिल्लीत लागतो. अपील केलं नाही तर तो कागद 'नामंजूर' म्हणूनच राहतो.

म्हणून आम्ही सांगतो:

दावा फेटाळला तर कारण लेखी मागा. तोंडी ऐकून घरी येऊ नका.

कागद मिळाल्याची तारीख त्यावरच लिहा. ६० दिवस तिथून मोजा.

अर्जाची पोच घ्या, शिक्क्यासकट.

दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत जमिनीवरून काढता येत नाही, हे कलम ४(५) सांगतं. कोणी काढायला आलं तर हे कलम दाखवा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या कायद्यानं आदिवासीला सरकारी खर्चानं वकील मिळतो, कमाई किती ते न बघता. तालुक्याच्या विधी सेवा समितीत अर्ज द्या, जातीचा दाखला जोडा.

मोर्चा काढूच. पण मोर्चाला जाताना पोचपावती पिशवीत असू द्या!

जिंदाबाद!