‘बसत नाही’ म्हणाले, तर कारण लेखी मागा

(लोकसंचलित साधन केंद्राच्या मासिक सभेत सहयोगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या गटाचं कर्ज रजिस्टर उघडा. शेळी, बियाणं, शिलाई मशीन यांच्या जोडीला ‘दवाखाना’ हा शब्द किती वेळा येतो ते बघा. त्यातलं काही कर्ज घ्यायची गरजच नसते. तो खर्च योजनेतून किंवा विम्यातून मिळायचा असतो. पण काउंटरवरचा माणूस म्हणतो, “तुमचं बसत नाही,” आणि आपण तिथूनच पैशाच्या सोयीला लागतो. कुणी कर्ज काढतं, कुणी डोरलं गहाण ठेवतं. म्हणून आज एकच गोष्ट सांगते : ‘बसत नाही’ हा शेवटचा शब्द नाही. त्यावर दाद मागता येते.

आधी सरकारी योजना. २०१२ साली आठ जिल्ह्यांत ‘जीवनदायी’ सुरू झाली, पुढं आपल्या जालन्यासह सगळ्या राज्यात आली. २०१७ पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. आता आयुष्मान भारतसोबत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही रेशन कार्ड चालतं.

समजा, घनसावंगीच्या एका ताईनं सासूबाईंना छत्रपती संभाजीनगरला नेलं आणि तिथं “बसत नाही” म्हणाले. तिनं आधी योजनेतल्या दवाखान्यात बसणाऱ्या आरोग्यमित्राला गाठायचं आणि तीन प्रश्न विचारायचे.

एक, आमचा प्रस्ताव ऑनलाइन पाठवला का? पाठवलाच नसेल, तर तो नामंजूर झाला कसा?

दोन, प्रस्ताव नामंजूर झाला की ‘क्वेरी’ आली? क्वेरी म्हणजे नकार नव्हे. एखादा रिपोर्ट, फोटो किंवा कागद कमी आहे, एवढाच तिचा अर्थ. तो दिला की काम पुढं सरकतं.

तीन, हा उपचारच योजनेत नाही, की या दवाखान्याला त्याची मान्यता नाही? मान्यता नसेल, तर कोणत्या दवाखान्यात होतो ते विचारून घ्या.

उत्तर पटलं नाही तर तिथूनच फोन लावा : १५५३८८ किंवा १८००२३३२२००. आयुष्मानसाठी १४५५५. तक्रार क्रमांक लिहून घ्या. तरी काम झालं नाही तर योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडं आणि जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मंजूर उपचारासाठी दवाखान्यानं पैसे मागितले तर पावती मागा. पावती देत नसतील तर तारीख, रक्कम आणि घेणाऱ्याचं नाव लिहून ठेवा आणि तक्रार करा.

एक मात्र लक्षात ठेवा. भांडणापायी उपचार थांबवू नका. तातडीच्या रुग्णाला फोनवर मंजुरी घेऊन उपचार सुरू करायची सोय योजनेत आहे. ती मागा.

आता हप्ता भरून घेतलेला विमा. काही ताईंचा बँकेतून परस्पर कापला जातो आणि पॉलिसी घरात नसते. आधी ती मागून घ्या. कंपनीनं क्लेम नाकारला तर पॉलिसीतल्या कोणत्या अटीमुळं नाकारला, हे तिला लेखी सांगावं लागतं. “आधीचा आजार लपवला,” असं बरेचदा कळवतात. पण सध्याच्या नियमानं आधीच्या आजारासाठी ३ वर्षांपेक्षा जास्त वाट बघायला लावता येत नाही. आणि पॉलिसी सलग ५ वर्षं चालू असेल, तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय हे कारण चालत नाही.

पहिला अर्ज कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडं. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडं जायचं. आपल्याला पुण्याचं कार्यालय लागतं. फी नाही, वकील नको, ५० लाखांपर्यंतचा दावा चालतो. पण कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे. ‘बीमा भरोसा’च्या १५५२५५ या नंबरवरही तक्रार घेतात. त्याशिवाय जालन्यात जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

या सगळ्याला कागद लागतो. डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट, बिलं, नकाराचं पत्र हे सगळं एका पिशवीत ठेवा. मूळ कागद देताना झेरॉक्स काढून घ्या.

शेवटी एक ठराव सुचवते. गटात दवाखान्यासाठी कर्ज मागायला कुणी आली, तर तिला अडवायचं नाही, पैसे द्यायचे. पण त्याच सभेत विचारायचं, “ताई, त्यांनी नाही म्हटलं ते लेखी घेतलं का?” घेतलं नसेल तर लिहिता येणारी एक बाई तिच्यासोबत द्यायची. एकटीला काउंटरवरून परत पाठवणं सोपं असतं, दोघींना तितकं सोपं नसतं.

पटत असेल तर आजच प्रोसिडिंगला लिहून घ्या.