मालधक्क्यांच्या खुणा



नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्यासारख्या गावांना मोठी बाजारपेठ आणि रेल्वे या दोन्ही गोष्टी नंदुरबार शहरात मिळाल्या. सुरतेला खानदेशाशी जोडणारा तापी खोऱ्यातील रेल्वेमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घातला गेला. बैलगाड्यांनी स्थानकावर येणारा शेतमाल वाघिणींत भरण्यासाठी मुख्य मार्गालगत जे जादा रूळ असत, ते साइडिंग होय.

व्यापाऱ्यास एकेक वाघीण भरता येत होती, तोवर लहान स्थानकांच्या साइडिंगलाही काम होते. १९८० नंतरच्या काळात संपूर्ण मालगाडी एकाच ठिकाणी भरण्यावर रेल्वेने भर दिला. सुटा माल मालमोटारींकडे वळला आणि देशभरातील अनेक छोटे मालधक्के ओस पडले.

अशा जागा ओळखणे कठीण नाही. मालधक्क्याची उंची वाघिणीच्या तळाइतकी असते. हमालाला पोते वर चढवावे न लागता सरळ आत नेता यावे, हा त्यामागील हेतू. रूळ संपतो तेथे जुन्या रुळांचाच अडसर उभारलेला आढळतो. दोन मार्ग जवळ येतात तेथे वाघीण कोठवर उभी करावी, हे दाखविणारी खूण जमिनीत रोवलेली असते. जुन्या रुळाच्या उभ्या अंगावर कारखान्याचे नाव व निर्मितीचे वर्ष उठावाच्या अक्षरांत वाचता येते. तथापि, त्या वर्षावरून साइडिंगचे वय ठरवू नये. मुख्य मार्गावर झिजलेले रूळ काढून साइडिंगला वापरण्याची पद्धत होती.

या खुणा भंगारात गेल्या, तर गावाचा माल कोठे व कसा जाई, याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा नाहीसा होईल. मात्र, ती रेल्वेची मालमत्ता आहे. तिची चोरी वा बेकायदा ताबा १९६६ च्या कायद्यानुसार गुन्हा ठरतो. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ अन्वये विनापरवाना हद्दीत शिरणेही दंडनीय आहे. म्हणून विद्यार्थ्यांना रुळांवर नेऊ नये. पाहणीसाठी रेल्वे प्रशासनाची लेखी परवानगी घ्यावी.

परवानगीची गरज नसलेले कामही मोठे आहे. वृद्ध हमाल, गाडीवान व शेतकरी यांच्या आठवणी शाळेने लिहून घ्याव्यात, जुन्या पावत्या जपाव्यात आणि ग्रामपंचायतीने त्यांची एक प्रत दप्तरी ठेवावी. दगडी धक्का आणखी काही वर्षे टिकेल. तो वापरणारी माणसे मात्र थांबणार नाहीत. म्हणून आरंभ त्यांच्यापासून करणे अगत्याचे आहे.