ऊन पाणी, शिळा भात आणि अंगाचा घाम

(गांवच्या वाचनालयांत शेतकरी व मजूर बंधुभगिनींपुढें दिलेलें व्याख्यान)



आजचा विषय उष्णतेचा आहे. मार्च महिन्यांत मास्तरांना दुसरें काय सुचणार, असें कित्येकांस वाटेल. परंतु चुलीवरचें पातेलें, आजाऱ्याच्या अंगचा ताप आणि भर दुपारीं शेतांत राबणारा मजूर, या सर्व ठिकाणीं एकाच उष्णतेचा कारभार चालतो. आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत संशोधकांनीं तिच्याविषयीं जें नवें शोधून काढलें आहे त्यांतील कांहीं भाग थेट आपल्या जिवाशीं संबंध असलेला आहे. आम्ही ट्रेनिंग कॉलेजांत तयार झालेले मराठी शाळेचे मास्तर. मोठे विद्वान नव्हे. तेव्हां आम्हांस जें नीट समजलें तेवढेंच आम्ही सांगणार.

प्रथम एका शाळकरी मुलाची हकीकत ऐका. १९६३ सालीं आफ्रिकेंतील टांगानिका देशांत (आजचा टांझानिया) मगांबा येथील शाळेंत एरास्टो म्पेम्बा नांवाचा विद्यार्थी होता. तेथील मुलें दूध उकळून, साखर घालून, निववून मग बर्फाच्या पेटींत ठेवीत व आइस्क्रीम करीत. पेटींत जागा थोडी. एके दिवशीं जागा जाईल या भीतीनें म्पेम्बानें आपलें दूध निवूं न देतां तसेंच कढत आंत ठेविलें. दीड तासानें पाहतो तों त्याचें दूध गोठलेलें, आणि ज्यानें न उकळतां दूध ठेविलें होतें त्याचें अजून पातळच! त्यानें मास्तरांस कारण विचारलें. मास्तर म्हणाले, तुझाच कांहीं घोटाळा झाला असेल. पुढें वरच्या शाळेंत त्यानें तोच प्रश्न काढला, तेव्हां तेथील मास्तरांनीं सांगितलें कीं, हें जगाचें पदार्थविज्ञान नव्हे, म्पेम्बाचें आहे. झालें! मग गणितांत त्याची चूक निघाली कीं सारा वर्ग 'म्पेम्बाचें गणित' म्हणून हंसूं लागला. प्रश्नाचें उत्तर येत नसलें म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यास हंसून खालीं बसविणें किती सोपें असतें, हें आमच्या धंद्यांतील प्रत्येकास ठाऊक आहे.

पण हा पोरगा खालीं बसला नाहीं. दार-एस-सलामच्या कॉलेजांतील डॉ. डेनिस ऑसबोर्न शाळेंत व्याख्यानास आले असतां त्यानें भर सभेंत तोच प्रश्न टाकला. मुलें हंसलीं. ऑसबोर्न हंसले नाहींत. त्यांनीं परत गेल्यावर आपल्या प्रयोगशाळेंतील मदतनिसाकडून प्रयोग करविला. मदतनीस येऊन सांगतो, ऊन पाणी आधीं गोठूं लागलें खरें, पण बरोबर उत्तर येईपर्यंत आम्ही प्रयोग चालूच ठेवूं! म्हणजे उत्तर काय यावयाचें हें त्या बिचाऱ्यानें आधींच ठरविलेलें. १९६९ सालीं ऑसबोर्न व म्पेम्बा या दोघांच्या नांवानें निबंध छापून आला, आणि ज्या नांवाची वर्गांत थट्टा झाली तेंच नांव आज या चमत्काराला जगभर दिलें जातें.

आतां कोणी म्हणेल, मास्तर, गोष्ट संपली, पोरगा खरा ठरला. इतकें सोपें नाहीं. २०१६ सालीं हेन्री बरिज व पॉल लिंडेन या इंग्लंडांतील दोघां संशोधकांनीं पाणी निववून काळजीपूर्वक मोजमाप केलें, तेव्हां ऊन पाणी गार पाण्याहून लवकर निवतें असा पुरावा त्यांस मिळाला नाहीं. थर्मामीटर एक सेंटिमीटर वर कीं खालीं, एवढ्या फरकानेंही निकाल उलटा दिसूं शकतो असें त्यांनीं दाखविलें. मग २०२० सालीं अविनाश कुमार व जॉन बेखहोफर यांनीं कॅनडांतील सायमन फ्रेझर विद्यापीठांत वेगळीच युक्ति काढली. त्यांनीं पाण्याचें भांडें बाजूस ठेविलें, आणि डोळ्यांस न दिसणारा कांचेचा एक सूक्ष्म मणी पाण्यांत सोडून लेसरच्या प्रकाशानें त्याला ठरीव मार्गावर खेळविलें. पुन्हां पुन्हां केलेल्या या प्रयोगांत, योग्य मांडणी असली कीं जास्त तापलेली अवस्था कमी तापलेल्या अवस्थेच्या आधीं थंड होऊन स्थिरावते, हें स्पष्ट दिसून आलें.

याचें कारण आमच्या समजुतीप्रमाणें असें. दोन माणसें एकाच गांवीं निघालीं. एक दोन कोसांवर, दुसरा तीन कोसांवर. जवळचा माणूस वाटेंत ओढ्याच्या वळणांत अडकला. लांबचा ज्या बाजूनें आला तेथून सरळ पायवाट होती, म्हणून तो आधीं पोहोंचला. निवत असलेल्या वस्तूची सारी हकीकत 'इतके अंश' या एका आंकड्यांत मावत नाहीं. ती कोणत्या वाटेनें निवते हेंही पाहावें लागतें. तेव्हां मण्याच्या बाबतींत गोष्ट सिद्ध झाली. घरच्या पाण्याच्या बाबतींत वाद अद्याप मिटलेला नाहीं. आपल्याकडे 'शास्त्र' हा शब्द पुष्कळ वर्षें विचारणाऱ्याचें तोंड बंद करण्यासाठीं वापरला गेला. ज्या शास्त्राची गोष्ट आम्ही करीत आहों त्यांत एका शाळकरी मुलाच्या प्रश्नावर साठ वर्षें मोठमोठे लोक भांडत आहेत, आणि त्यांत कोणास कमीपणा वाटत नाहीं.

असो. गार होण्याची वाट महत्त्वाची, हें आपल्या स्वयंपाकघरांतही खरें आहे, आणि तेथें प्रश्न पोटाचा आहे. लग्नाच्या जेवणावळींत रात्रीं उरलेला भात मोठ्या पातेल्यांत झांकून ठेवितात आणि सकाळीं फोडणी देऊन खातात. भाताच्या दाण्यावर बॅसिलस सीरियस नांवाच्या जंतूचीं बीजें असतात. भात शिजला तरी हीं बीजें मरत नाहींत. भात कोमट झाला कीं तीं उगवतात, वाढतात, आणि त्यांतील कांहीं जाती अन्नांत विष सोडतात. हें विष इतकें चिवट कीं प्रेशर कुकरांतील उष्णतेलाही दाद देत नाहीं. म्हणजे सकाळीं भात चरचरीत परतला तर जंतु मरतील, विष राहील. बहुतेकांस उलट्या होऊन एका दिवसांत बरें वाटतें; पण २००८ सालीं बेल्जियममध्यें वीस वर्षांचा एक धडधाकट विद्यार्थी, पांच दिवस स्वयंपाकघरांत उघडें राहिलेलें स्पॅगेटी गरम करून खाल्ल्यावर त्याच रात्रीं मरण पावला.

जागतिक आरोग्य संघटनेचा नियम असा कीं, शिजलेलें अन्न साध्या हवेंत दोन तासांहून अधिक ठेवूं नये. तें ६० अंशांच्या वर कढत तरी असावें किंवा ५ अंशांच्या खालीं गार तरी. मधलें कोमट राज्य जंतूंचें. आतां मोठें पातेलें वाईट कां, याचा हिशेब पांचवीचा मुलगाही करील. पातेल्याची उंची व रुंदी दुप्पट केली तर भात आठपट मावतो, पण उष्णता बाहेर पडण्यास पृष्ठभाग चौपटच मिळतो. म्हणून वरचा थर गार लागला तरी पोटांतला भात कितीतरी वेळ कोमट असतो. तोच भात परातींत पातळ पसरला तर लवकर निवतो. निवल्यावर फ्रीज असेल तर त्यांत, नसेल तर त्याच रात्रीं माणसांस वाटून टाकावा आणि उरला तर जनावरांपुढेंही बेतानेंच घालावा. शाळेच्या पोषण आहाराची खिचडी शिजविणाऱ्या मावशी येथें बसल्या आहेत. सकाळीं लवकर शिजवून ठेवण्यापेक्षां सुटीच्या सुमारास शिजविण्यांत मुलांचें किती हित आहे हें त्यांना आम्हीं निराळें सांगण्याची गरज नाहीं.

आतां शेवटला भाग, आणि आमच्या मतें सर्वांत निकडीचा. माणसाचें शरीर ही एक चुलच आहे. काम केलें कीं उष्णता निघते, ती बाहेर टाकावी लागते. हवा अंगापेक्षां गरम झाली म्हणजे घामाखेरीज दुसरा उपाय उरत नाहीं. एक लिटर घाम अंगावर वाळला तर तो इतकी उष्णता घेऊन जातो कीं तेवढीनें सुमारें सात लिटर गार पाणी उकळीस येईल. पण घाम वाळला पाहिजे. जो ठिपकत जमिनीवर पडला तो फुकट गेला. हवा दमट असली कीं घाम वाळत नाहीं.

हें मोजण्याची साधी रीत म्हणजे थर्मामीटरच्या टोंकास ओलें फडकें गुंडाळून वाचणें. असा ओला आंकडा ३५ झाला कीं निरोगी माणूसही सावलींत बसून कांहीं तासांत दगावेल, असें २०१० सालीं हिशेबानें काढण्यांत आलें होतें. २०२२ सालीं अमेरिकेंतील पेन स्टेट विद्यापीठांत तरुण, निरोगी माणसांना थर्मामीटर असलेली गोळी गिळावयास देऊन, हलक्या हालचाली करावयास लावून तपासलें. दमट हवेंत ३५ नव्हे, ३१ च्या आसपासच त्यांच्या शरीराचा तोल जाऊं लागला. कोरड्या कडक उन्हांत तर ओला आंकडा त्याहूनही कमी असतांना. हीं विशी-तिशींतलीं धट्टींकट्टीं माणसें होतीं, आणि काम हलकें होतें. ऊंस तोडणाऱ्या चाळिशीच्या बाईचें काय, तें तुम्हीच समजा.

१६ एप्रिल २०२३ रोजीं खारघर येथील मैदानावर भरलेल्या समारंभांत उन्हानें दहांहून अधिक माणसें मेलीं. त्या दिवशीं पारा ३८ च्या आसपास होता. विदर्भांतला माणूस म्हणेल, अडतीस म्हणजे काय ऊन! पण तें गांव खाडीजवळचें. ओला आंकडा कोणी विचारला नाहीं. उलट विदर्भाची गोष्ट निराळी. २०१९ सालीं सिडनी येथील संशोधकांनीं दाखविलें कीं ४० अंशांच्या दमट हवेंत पंख्यानें अंग निवतें, पण ४७ अंशांच्या कोरड्या हवेंत तोच पंखा अंगाचा ताप वाढवितो. अशा वेळीं अंग किंवा कपडे ओले करून मगच वारा घ्यावा. खिशांत कांदा ठेवण्यानें कांहीं होत नाहीं. कांदा भाकरीबरोबर खावा.

ऊन लागलेला माणूस बरळूं लागला, झोकांड्या खाऊं लागला, अंग भट्टीसारखें लागूं लागलें, तर एक गोष्ट ध्यानांत ठेवा. १०८ नंबरला फोन करा, परंतु गाडीची वाट पाहत बसूं नका. त्याला तेथेंच गार करा. हौदांत पाणी असेल तर दोघांनीं डोकें वर धरून गळ्यापर्यंत बुडवावा. नसेल तर घागरीवर घागरी ओतून वारा घालावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडांत पाणी घालूं नये. तापाची गोळी येथें निरुपयोगी आहे, कारण तापांत मेंदूनेंच अंगाचा पारा वर नेलेला असतो, आणि उन्हांत मेंदूचा हुकूमच चालत नाहींसा होतो.

शाळेच्या पडवींत उत्तरेच्या बाजूस उद्यांपासून दोन थर्मामीटर टांगलेले असतील, एक कोरडा व एक ओल्या फडक्याचा. दर तासास दोन्ही आंकडे बाहेरच्या फळ्यावर लिहिले जातील. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांनीं मधल्या सुटींत चौथीच्या कोणत्याही मुलीस विचारावें. मुकादमांनीं तर कामाची वेळ ठरविण्याआधीं अवश्य येऊन पाहावें.