मध्येच पैसे संपले तर?
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालकांपुढे केलेले भाषण)



विलायतेतील उच्च शिक्षणाविषयी मी चार शब्द बोलावेत अशी चिटणीस साहेबांची आज्ञा झाली. मी स्वतः हैदराबादच्या पलीकडे गेलेलो नाही. तेव्हा अनुभवाचे बोल माझ्याजवळ नाहीत. पण गेल्या उन्हाळ्यात एक पालक माझ्या घरी आले. जिंतूर रोडला त्यांचे पंक्चरचे दुकान आहे. मुलगी आपल्याच शाळेतून दहावी झालेली, पुढे परभणीच्या कृषी विद्यापीठाची पदवीधर. तिला इंग्लंडमधील एका विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मास्तरसाब, बीच में पैसे ख़तम हुए तो?" मुलीची जात म्हणून ते कचरत होते असे कोणी समजू नये. त्यांचा हिशेब पैशाचा होता आणि तो रास्त होता. मला उत्तर सुचले नाही. अल्लाह मालिक आहे, असे म्हणून मी चहा पुढे केला.

ते गेल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी वाचनालयातून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आणून पुन्हा वाचले. घटनेचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना ओळखतो; पण पैसे संपलेला विद्यार्थी म्हणून त्यांच्याकडे आपण फारसे पाहत नाही.

बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी 1913 साली त्यांना शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार. ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे नाना विषय त्यांनी घेतले. 1915 मध्ये एम.ए. झाले. 1916 मध्ये लंडनला आले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले. शिवाय बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही. कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडनच्या विद्वानांना शिफारसपत्रे दिली होती. पण अमेरिकेची एम.ए. पदरात असूनही लंडनमध्ये त्यांनी एम.एस्सी.पासूनच सुरुवात केली. एका देशातली पदवी दुसऱ्या देशात सगळी पायरी चढून देतेच असे नाही, हे आमच्या मुलांनी आधी समजून घ्यावे.

आणि वर्ष पुरे होण्याच्या आत, 1917 मध्ये, शिष्यवृत्तीची मुदत संपली. परत यावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान वेगळ्या जहाजाने निघाले होते, ते जहाज टॉरपेडोने बुडाले आणि पुस्तके समुद्रात गेली. पुढे बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तर जातीमुळे राहायला जागा मिळेना.

पण लंडन सोडण्यापूर्वी त्यांनी एक काम केले होते, आणि मला सांगायचे आहे ते हेच. प्रा. एडविन कॅनन यांच्या शिफारशीने त्यांनी विद्यापीठाकडून परवानगी मिळवली होती, की ऑक्टोबर 1917 पासून चार वर्षांच्या आत येऊन अर्धवट राहिलेला अभ्यास पुढे चालू करता येईल. पैसे नव्हते, पण दार बंद होऊ दिले नाही. मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठवला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्ज घेतले, आणि 1920 मध्ये मुदतीच्या आत ते पुन्हा लंडनला पोहोचले. मागे मुंबईत रमाबाईंनी संसार कसा ओढला असेल, ते इथे बसलेल्या माताभगिनींना मी सांगायला नको.

1921 मध्ये एम.एस्सी. झाले. रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी 1923 मध्ये सुधारून मागितला. तोवर पैसे पुन्हा संपले होते! ते मुंबईस परतले, इथे बसून प्रबंध नव्याने लिहून पाठवला आणि त्याच वर्षाअखेर पदवी मिळवली. कॅनन साहेबांना त्यातली बरीच मते मान्य नव्हती, तरी त्या ग्रंथाला प्रस्तावना त्यांनीच लिहिली. असा गुरू मिळणे ही मोठी गोष्ट आहे.

आपल्या समाजातही असे उदाहरण आहे. बद्रुद्दीन तय्यबजी 1860 साली लंडनला गेले, डोळ्यांच्या दुखण्याने त्यांना शिक्षण सोडून परतावे लागले. ते पुन्हा गेले आणि 1867 मध्ये बॅरिस्टर झाले. मुंबईची अंजुमन-ए-इस्लाम 1874 साली उभी राहिली ती त्यांच्यासारख्यांच्या प्रयत्नातून.

आता आजचे. इंग्लंडमध्ये एम.एस्सी. बहुधा एका वर्षात होते, अमेरिकेत साधारण दोन वर्षे लागतात. तेव्हा राहण्याजेवणाच्या खर्चात मोठा फरक पडतो. मात्र व्हिसासाठी फी आणि नऊ महिन्यांपर्यंतच्या खर्चाएवढी रक्कम खात्यात अठ्ठावीस दिवस शिल्लक दाखवावी लागते, आणि आरोग्याचा वेगळा आकार भरावा लागतो. आमच्या घरांत नड येते ती इथेच. बँकेचे कर्ज घ्यावे तर सूद द्यावे लागते म्हणून अनेक जण मागे सरतात. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजाचा भार उचलणारी केंद्राची पढो परदेश योजना 2022-23 पासून बंद झाली. लग्नात मात्र आपण हात सैल सोडतो. हे मी माझ्या घरासकट बोलतो आहे. भथेनांसारखा मित्र प्रत्येकाला कुठून मिळणार? म्हणून माझी संस्थेला विनंती आहे, की कर्ज-ए-हसनाचा एक शिक्षणनिधी काढावा. माझ्या एका महिन्याच्या पगाराची रक्कम मी आज खजिनदार साहेबांकडे दिली आहे.

पुन्हा त्या मुलीकडे येतो. चरित्र वाचून झाल्यावर मी दुकानावर गेलो आणि तिला म्हणालो, बेटी, नकार कळवू नकोस, आधी मुदत माग. तिने विद्यापीठाला पत्र लिहिले. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलून मिळाला आहे. सध्या ती एका बियाणे कंपनीत नोकरी करते. येत्या सप्टेंबरपर्यंत लागणाऱ्या रकमेपैकी किती जमली, याचा हिशेब तिचे वडील दुकानातल्या हवा भरायच्या यंत्राशेजारी भिंतीवर खडूने लिहून ठेवतात. परवा मी गेलो तेव्हा निम्म्याच्या थोडा अलीकडे होता.