सहावा टेक, आठवा टेक



दीक्षान्त समारंभाच्या पाहुण्यानं यशाचा मंत्र द्यायचा असतो. तो माझ्याकडे नाही. मी उभं आयुष्य रेकॉर्डी ऐकल्या आणि त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा बोलणार तेही रेकॉर्डींबद्दलच. विषय तुमच्या कामाचा नाही असं समजू नका. रेकॉर्डिंगचं यंत्र आज या मंडपात प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि त्यातली काही मघापासून माझ्याकडे रोखलेली दिसतायत.

कॅनडातल्या टोरंटोचा एक पियानोवादक होता, ग्लेन गुल्ड. जन्म 1932 चा. जून 1955 मध्ये, बाविसाव्या वर्षी, तो न्यूयॉर्कला कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत गेला. हा स्टुडिओ म्हणजे एक जुनं चर्चच होतं. जाताना त्यानं स्वतःची घडीची खुर्ची सोबत नेली. वडिलांनी तिचे पाय कापून ती बुटकी केली होती. त्यामुळे वाजवताना त्याची हनुवटी जवळजवळ पट्ट्यांपर्यंत यायची. वाजवण्याआधी तो गरम पाण्यात हात बुडवून बसे. वाजवताना गुणगुणायचा, आणि ही गुणगुण कुठल्याही इंजिनिअरला शेवटपर्यंत काढून टाकता आली नाही. ती आजही रेकॉर्डमध्ये ऐकू येते. त्यानं वाजवलं ते बाख या संगीतकाराचं 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स', म्हणजे एक मूळ चीज आणि तिची तीस रूपं. 1956 मध्ये रेकॉर्ड बाजारात आली आणि पोरगा जगभर गाजला.

पुढे आठ वर्षं त्यानं मैफली केल्या. 10 एप्रिल 1964 ला लॉस एंजेलिसमध्ये वाजवलं आणि नंतर जाहीर कार्यक्रमाच्या व्यासपीठावर तो कधीही चढला नाही. वय होतं एकतीस. लोकांनी वेड्यात काढलं. मैफलीत दुसरा टेक मिळत नाही, ही त्याची तक्रार होती. चित्रपट करणारा एकच शॉट पाच वेळा घेतो, लेखक कागद फाडून पुन्हा लिहितो, मग वाजवणाऱ्यालाच एकदाच संधी का, असं त्याचं म्हणणं.

आता जरा तपशिलात जातो, कारण माझा सगळा मुद्दा त्यातच आहे. बाखची एक फ्यूग आहे, ए मायनर स्वरातली. एकच सुरावट एकामागून एक आवाजांत येते आणि ते आवाज एकमेकांत गुंतत जातात. गुल्डनं तिचे आठ टेक घेतले. त्यातला सहावा आणि आठवा बिनचूक. सहावा गंभीर, भारदस्त. आठवा तुटक आणि खेळकर. लय मात्र दोन्हींची जवळपास सारखीच. वाजवून झाल्यावर दोन्ही चांगले वाटले. काही आठवड्यांनी पुन्हा ऐकले तेव्हा लक्षात आलं, दोन्ही एकसुरी आहेत. मग त्यानं टेप कापली. सुरुवात सहाव्यातून घेतली, मधला भाग आठव्यातून, आणि शेवटी पुन्हा सहावा. असा वाजवलेला तुकडा पृथ्वीतलावर कधी एका बैठकीत वाजलाच नव्हता.

ही लबाडी का? मला नाही वाटत. कापाकापी करायला सहावा आणि आठवा दोन्ही आधी बिनचूक वाजावे लागतात. ज्याला एकही टेक धड जमत नाही, त्याला कात्री काही मदत करत नाही. मोबाईलवर फिल्टर लावून गाणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावं, पण आज पेढ्यांचा दिवस आहे, म्हणून हा टोमणा इथेच थांबवतो.

आता दुसरं टोक. गोव्यातल्या केरी गावच्या गायिका केसरबाई केरकर, जन्म 1892. अल्लादिया खाँसाहेबांकडे त्यांची तालीम 1921 पासून, ती खाँसाहेब 1946 मध्ये गेले तोवर. पंचवीस वर्षं! तुमची पदवी तीन वर्षांत झाली म्हणून सांगतोय. खाँसाहेबांच्या जयपूर घराण्याची गायकी म्हणजे एक आवर्तन संपताना दुसऱ्याची तयारी, तानेला तान जोडत जाणं, आणि समेवर असं येणं की ऐकणाऱ्याचा श्वासच अडकावा. एकेका रागाला तास-तास लागतो. आणि त्या काळची रेकॉर्ड? मिनिटाला 78 फेऱ्यांची, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. त्यात मोजकीच आवर्तनं बसतात. केसरबाईंनी तशा काही रेकॉर्डी दिल्या, पण ध्वनिमुद्रणाची हौस त्यांना कधीच नव्हती, आणि रेडिओला तर त्यांनी लांबच ठेवलं. गाणं ऐकायचं तर समोर येऊन बसा, असा त्यांचा बाणा.

या बाईंबद्दल मला आदर आहे, आणि थोडा रागही. आदर याचा की, आपलं गाणं कुठे, कसं आणि किती ऐकलं जावं हे त्यांनी स्वतः ठरवलं. कंपनीवर सोडलं नाही. राग याचा की, त्यांचा हट्ट त्यांना परवडला आणि त्याचा तोटा आपल्या वाट्याला आला. तासाभराची केसरबाई ऐकलेली माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही उरली नसतील. उलट गुल्डनं तेच 'गोल्डबर्ग' 1981 मध्ये पुन्हा रेकॉर्ड केलं. पहिल्यांदा अडतीस मिनिटं लागली होती, या वेळी एकावन्न. तरुणपणचा आणि पन्नाशीजवळ आलेला असे दोन्ही गुल्ड आपण शेजारी ठेवून ऐकू शकतो. केसरबाईंचं तसं करता येत नाही.

गंमत पुढेच आहे. 1977 मध्ये अमेरिकेनं व्हॉयेजर ही दोन यानं सोडली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसवली. दुसऱ्या जगातल्या कुणाला ती सापडलीच, तर त्यांना पृथ्वीवरचं संगीत ऐकू यावं म्हणून. निवड करणाऱ्या समितीचे प्रमुख होते खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन. बाखचा एक तुकडा गुल्डनं वाजवलेला घेतला. आणि भारतातून केसरबाईंची भैरवी, 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटांची. ती रेकॉर्ड तोवर बाजारातून गेलेली होती. न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, मागच्या बाजूला टेबलाखाली पडलेल्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. व्हॉयेजर-1 सुटलं 5 सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या 16 सप्टेंबरला. ते यान आज आपल्यापासून 2400 कोटी किलोमीटरच्या पुढे आहे. एकानं रेकॉर्डिंगसाठी मैफल सोडली, दुसरीनं मैफलीसाठी रेकॉर्डिंग टाळलं, आणि दोघं एकाच तबकडीवर बसून निघाले आहेत.

तुम्ही म्हणाल, पियानो आणि जयपूर घराणं, आमच्या बीडशी काय संबंध? पियानो इथे नाही, पण पट्ट्यांचं वाद्य गावोगावी आहे. भजनी मंडळात पेटी असतेच. रेडिओनं मात्र 1940 पासून तिला तीस वर्षांहून जास्त काळ बंदी घातली होती. ती परकी आणि तिच्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, म्हणून. बंदीतला दुसरा आरोप खोटा नव्हता, तरी शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या आप्पा जळगावकरांनी त्याच पेटीवर मोठमोठ्या गवयांची साथ करून दाखवली. पेटीवाल्याचं नाव मात्र कव्हरवर बहुधा बारीक अक्षरात.

आणि तुमच्या जिल्ह्याचा तर आवाजच टेपवर आहे. 1996 मध्ये माजलगावच्या भीमनगरात बायकांनी जात्यावरच्या ओव्या गायल्या आणि त्या टेपवर उतरल्या. बाबासाहेबांवरच्या, रमाईवरच्या, बुद्धावरच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी सुरू केलेल्या कामात हजाराहून जास्त गावांतल्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. आज त्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. गिरण्या आल्या, जाती परसदारी गेली, आणि ओव्या राहिल्या त्या या टेपवर. त्या ऐका. तिथे सहावा टेक नाही, आठवा टेक नाही. एका बाईनं ओवी सोडली की दुसरी उचलते. मधे कुणीतरी हसतं, ते हसणंही तसंच राहिलंय. मला विचाराल, तर गुल्डच्या कात्रीपेक्षा हे हसणं रेकॉर्डवर ठेवणं अवघड आहे, कारण ते दुसऱ्यांदा करायला सांगता येत नाही.

ज्या गावी दासोपंतांनी कापडाच्या पासोडीवर ग्रंथ लिहिला आणि ती पासोडी आजही जपली आहे, त्या अंबाजोगाईत जतन करण्याचं महत्त्व मी वेगळं सांगायची गरज नाही. तेव्हा कामाचं सांगतो. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतील. त्याआधी तुमच्या आजीला, मावशीला, वस्तीवरच्या कुणा म्हातारीला विचारा, आठवतं का. आधी परवानगी घ्या. ती नाही म्हणाली तर केसरबाईही नाहीच म्हणायच्या, तेव्हा रुसू नका. हो म्हणाली तर पंखा बंद करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका, तो तिच्यापासून हातभर लांब ठेवा आणि मधे बोलू नका. शेवटी तिचं नाव, गाव, वय, जात्यावर कुणाबरोबर बसायची ते तिच्याच तोंडून नोंदवून घ्या आणि तारीख सांगा. फाइलचं नाव 'व्हॉइस 007' ठेवू नका. एक प्रत फोनबाहेर दुसरीकडे ठेवा, आणि एक प्रत तिला ऐकवा. पदवी घेतल्यावर नोकरी शोधायला पुण्याला, संभाजीनगरला जालच. हे काम त्याआधीच्या पंधरा दिवसांत होऊन जाईल. करा.