भुईचाफ्याची वाट पाहतांना



फाल्गुन उतरणीला लागला कीं जोतिबाच्या डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर पळस आणि पांगारे पेटतात, आणि इकडे कोल्हापूर शहरांतील झाडांचा वेडा मनुष्य परसांतील एका रिकाम्या वाफ्याकडे पुन्हां पुन्हां पाहूं लागतो. तेथें पाहण्याजोगें कांहींच नसतें. कोरडी माती, तिच्यावर उसाचें पाचट, आणि खूण म्हणून रोंवलेली एक काठी. परंतु त्या काठीखालीं भुईचाफ्याचे गड्डे निजलेले आहेत हें त्याला ठाऊक असतें. आज बोलावयाचें आहे तें या वाट पाहण्याविषयीं.

बागकामाचीं विलायती पुस्तकें वाचतांना वसंताविषयीं आपली थोडी फसगत होते. चेक लेखक कारेल चापेक यानें बागवानाचें वर्ष महिन्यामहिन्यानें रंगविणारें एक विनोदी पुस्तक १९२९ सालीं लिहिलें. तें मला फार आवडतें. पण त्याच्या प्राग शहरांत माती गोठते. तेथील वसंत म्हणजे थंडीपासून सुटका. आपला वसंत उन्हाळ्याच्या उंबऱ्यावर उभा असतो. तिकडील बहुवर्षायु झाडें हिमाच्या भयानें जमिनींत दडतात, आपल्याकडील पुष्कळशीं कोरडेपणाच्या भयानें. म्हणूनच रंगीत चित्रें पाहून कोणीं ट्यूलिपचे कंद मागवूं नयेत. त्यांना कित्येक आठवडे कडक थंडी लागते. ती कोल्हापुरच्या माघांत कोठून मिळणार? शीतपेटींत ठेवून एखाद्या वर्षीं ते फुलविले, तरी पुढील वर्षीं पुन्हां येण्याची आशा नको.

भुईचाफा मात्र आपल्या ऋतूंचा जाणता. आल्या-हळदीच्या कुळांतील हें झाड. थंडींत त्याचीं पानें वाळून जातात, आणि चैत्र-वैशाखांत, एकही पान नसतांना, तापलेल्या मातींतून सरळ फूल वर येतें. पांढऱ्या पाकळ्या, मध्यें जांभळी झांक, आणि मंद सुवास. एक फूल जेमतेम एक दिवस टिकतें. दुसऱ्या दिवशीं त्याच्या शेजारीं दुसरें. पानें येतात तीं पावसाच्या सुमारास, पाठीकडून जांभळीं. मग पानांवांचून हें झाड फुलतें कोणाच्या बळावर? गेल्या पावसाळ्यांत पानांनीं तयार केलेलें अन्न मुळांशीं असलेल्या गांठींत सांठविलेलें असतें, त्या शिलकेवर. ज्याला चैत्रांत फूल हवें त्यानें भाद्रपदांत पानाला हात लावूं नये. लिनियसनें या गणाला केंफर नांवाच्या जर्मन वैद्याचें नांव दिलें; आपल्या बायाबापड्यांच्या तोंडचें नांव मला अधिक समर्पक वाटतें.

मोगऱ्याची झोप आपणच घडवून आणावी लागते. पौषांत पाणी तोडून ताण द्यावा, माघांत छाटणी करावी, मग शेणखत घालून पाणी सुरू करावें. कळी येते ती नव्या फुटीवर. डाळिंबाचा बहार धरणारा शेतकरी हेंच करतो. निशिगंधाचे कंद वैशाखांत लावले म्हणजे तीन वर्षें काळजी नाहीं. तो मूळचा मेक्सिकोचा, पण आतां त्याला परका कोण म्हणेल?

यंदा माझ्या मनांत नवे पाहुणे आहेत ते कंदिलपुष्पांच्या घराण्यांतले. हे सह्याद्रीचे कंद पहिल्या पावसाबरोबर वर येतात आणि श्रावण-भाद्रपदांत फुलतात. फुलाच्या नळींत खालीं वळलेले केंस असतात; बारीक माशी आंत शिरते ती अडकते, आणि केंस सुकल्यावर परागांसह सुटते. १९६२ सालीं स्थापन झालेल्या आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागानें यांतील दुर्मिळ जाती बागेंत वाढवून राखल्या आहेत. पण त्यांची कीर्ति पसरल्यापासून मला एक भीति वाटूं लागली आहे. पूर्वीं गुराख्याचें पोर भुकेपोटीं खरपुडीचा एखादा कंद उकरून खाई. आतां हौशी लोक पिशवी घेऊन पठारावर जातात. झाडांवरच्या प्रेमाचा हा प्रकार मला मुळींच मान्य नाहीं. पठारावरचा कंद खणून कुंडींत आणला, तर बहुधा तो कुंडींतही जगत नाहीं आणि पठारावरून तर गेलेलाच असतो. ज्याला हौस असेल त्यानें शिंदळ माकुडीपासून आरंभ करावा. मुंबईचा गव्हर्नर फ्रिअर याचें नांव मिळालेली ही कड्यांवरची वनस्पति जंगलांत अतिशय दुर्मिळ आहे. परंतु बागेंतल्या झाडाचें एक छाट मिळालें तर कुंडींत ती सहज जगते, आणि कड्याला हात लावावा लागत नाहीं.

आणखी एक अडचण सांगावयाची राहिली. पेठांतल्या घरांचीं परसें दरवर्षीं फरशीखालीं जात आहेत. हंगामी फुलांना कुंडी पुरते. दहा वर्षें एके जागीं राहूं इच्छिणाऱ्या गड्ड्याला जमीन लागते. त्यांतून तो निजलेला असतांना जागा मोकळी दिसते, आणि घर झाडणारें माणूस तेथें विटा रचतें. म्हणून ती काठी हवी.

आपल्या घरीं भुईचाफा असेल तर यंदाच्या पावसाळ्याच्या तोंडीं, फुलें संपल्यावर, गड्डे वेगळे करून दोन शेजाऱ्यांना द्यावे. ज्यांनीं गेल्या वर्षीं लावला आहे त्यांनीं चैत्री पौर्णिमेपर्यंत कोंब दिसला नाहीं तरी माती उकरून पाहूं नये. पाचट बाजूला सारून, आठवड्यांतून एकदां तांब्याभर पाणी घालावें, आणि वळवाची एक सर पडेपर्यंत थांबावें.