पूर्णेची वाम, वर्धेची वाम

अमरावती जिल्ह्यातले पाणी दोन समुद्रांना जाते. पूर्णा तापीला मिळून अरबी समुद्र गाठते. पूर्व सीमेवरची वर्धा प्राणहिता-गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे जाते. अकोल्याची मोर्णा पूर्णेचीच. वाम हा सापासारखा दिसणारा मासा, ती मात्र दोन्ही खोऱ्यांत सापडते. ती दोन्हीकडे एकच आहे का, हा प्रश्न वऱ्हाडातल्या प्राणिशास्त्राने आता हाती घ्यायला हवा.

उत्तराची सुरुवात गुणसूत्रांपासून करता येईल. सापासारखे दिसणारे सगळे मासे एका गणातले नसतात. अंडी घालायला समुद्रात जाणारा अहीर अँग्विला प्रजातीतला. या प्रजातीच्या तपासलेल्या जातींत ३८ गुणसूत्रे आढळली आहेत. वामीत ४८. चीन आणि आग्नेय आशियातल्या भातखाचरांत राहणाऱ्या मोनोप्टेरस अल्बसमध्ये अवघी २४. तरीही वामीचे जवळचे नाते अहीराशी नाही, या २४ गुणसूत्रांच्या माशाशी आहे. दोघे एकाच गणातले.

मग संख्या निम्मी कशी झाली? दोन गुणसूत्रे आपापल्या गुणसूत्रबिंदूंपाशी जुळली तर दोन भुजांचे गुणसूत्र तयार होते. मोनोप्टेरसमध्ये तसे एकही दिसत नाही. सगळी एकाच भुजेची. म्हणजे ती टोकाला टोक लागून जोडली गेली असतील किंवा जोडणीनंतर त्यांचे तुकडे उलटे फिरले असतील. नुसत्या मोजणीने याचा उलगडा होत नाही. लिंगाचीही कथा अशीच निराळी. मोनोप्टेरस जन्मतः मादी असतो, पुढे नर होतो. वामीत मात्र नराला वाय गुणसूत्र असते. २०२१ मध्ये त्याचा टोकापासून टोकापर्यंतचा क्रम प्रसिद्ध झाला आणि एक्स-वाय ही जोडी उत्क्रांतीच्या हिशेबाने अगदी तरुण असल्याचे दिसले. इतक्या जवळच्या नात्यात इतका फरक!

उलट उदाहरणही आहे. युरोपीय आणि अमेरिकी अँग्विला या दोन वेगळ्या जाती. दोघींची गुणसूत्रे ३८, दोघींची वीण सारगासो समुद्रात, आणि त्यांचे संकर आइसलँडमध्ये सापडतात. तेव्हा पूर्णा आणि वर्धा दोन्हीकडे ४८ भरली म्हणून काम संपले असे समजणे घाईचे ठरेल. भुजांची लांबी, पट्टे, चांदीच्या क्षाराने उमटणाऱ्या खुणा आणि डीएनए, सारे ताडून पाहावे लागेल.

यातली पहिली पायरी, गुणसूत्रे मोजण्याची, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला झेपणारी आहे. पेशीविभाजन मध्येच थांबवायला कोल्चिसिन लागते. कळलावीच्या कंदात असते तेच द्रव्य. पुढे पोटॅशियम क्लोराइड, मिथेनॉल-अ‍ॅसेटिक आम्ल, गिम्सा रंग आणि बरा सूक्ष्मदर्शक. चिकाटी मात्र भरपूर हवी, कारण मोजण्याजोगी पेशी काचपट्टीवर सहज सापडत नाही.

हे आताच करायचे, कारण वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. गोदावरी खोऱ्यातले पाणी पूर्णेच्या खोऱ्यात येऊ लागले, की त्याबरोबर मासेही येऊ शकतात. एकदा ते मिसळले, की आधी कोण कुठले होते हे सांगणे कठीण होईल. अमरावती-अकोल्याच्या प्राणिशास्त्र विभागांनी त्याआधी दोन्ही खोऱ्यांतल्या वामींच्या काचपट्ट्या करून ठेवाव्यात, प्रत्येकीवर नदी, गाव, तारीख आणि लिंग लिहावे, आणि प्रत्येक माशाच्या ऊतीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये न घालता अल्कोहोलमध्ये जपावा. फॉर्मलिनने डीएनए खराब होतो.